अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

नेत्राच्या कामात मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच पडले.

नेत्रा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. वडप्याला एका कंपनीत आहे. गोदामांतला माल वाहणारे तीनचाकी टेम्पो आता विजेवर चालतात. ते जिथे चार्ज होतात त्या जागांची सुरक्षेची कागदपत्रं तपासायची, हे तिचं काम. चार्जरचं सर्टिफिकेट खरं आहे का, ज्या लॅबने ते दिलं तिची मान्यता अजून चालू आहे का, कागदावरचा मॉडेल नंबर आणि डब्याच्या पट्टीवरचा नंबर एकच आहे का, अर्थिंग कधी मोजलं आणि किती आलं. सगळं जुळलं की खाली तिची सही, आणि तिची सही झाली की जागा पुढचं वर्ष चालू राहते.

नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. अंजूरची फाईल ही तिच्या एकटीच्या सहीची पहिली फाईल. दोन रविवार ती माझ्याकडे येऊन लॅपटॉप उघडून बसली. जेवणही तसंच. मी म्हटलं, पोरी, कागदच आहेत ना. ती म्हणाली, "आत्या, कागद आहेत, पण माझ्या सहीवर चोवीस माणसं रोज त्या डब्यांना हात लावणार."

हे मला एकतीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

मी विजेच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते. टेस्ट रिपोर्टच्या टेबलावर बसायचे. अठ्ठ्याहत्तर साली लागले तेव्हा भिवंडीत गल्लीगल्लीत लूमच्या शेडी उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येक शेडीमागे एक कागद माझ्या टेबलावरून जायचा. शेड मी पाहिलेली नसायची, कागद पाहिलेला असायचा. तारीख, मग नंबर, मग रीडिंग, मग सही, या क्रमाने डोळा फिरवायची सवय लागली ती लागलीच. अजून लग्नपत्रिका हातात आली तरी आधी तारीख बघते. आमचे एक साहेब होते, फार सज्जन. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी सांगायचे की विचारलंय तेवढंच लिहायचं, ज्याला रकाना नाही ते लिहायचं नाही. त्या एका वाक्यावर माझी अख्खी नोकरी सुरळीत पार पडली.

तर मी चष्मा लावला आणि नेत्राच्या शेजारी बसले. चार्जरची सर्टिफिकेटं ठीक होती. लॅबचं ठीक होतं. अर्थिंगच्या पानावर आले आणि थांबले. जानेवारीत एक पॉइंट दोन ओहम. मार्चमध्ये एक पॉइंट तीन. मेमध्ये एक पॉइंट तीन.

नेत्राला त्यात काही वावगं दिसेना. आकडा जितका लहान तितकं अर्थिंग चांगलं, आणि हा तर फारच लहान होता. मी तिला सांगितलं की जमीन ओली असली तरच वीज तिच्यात मुरते. खाडीकाठची काळी माती असती तर मी समजले असते. पण जागेच्या नकाशावर लिहिलं होतं, बारा फूट मुरमाचा भराव. डोंगराचा मुरूम मेमध्ये हाडासारखा कोरडा होतो. त्यात पुरलेला पाईप मार्चमध्ये जे दाखवतो तेच मेमध्ये दाखवत असेल, तर एक तर कोणी मोजलेलं नाही, नाहीतर कोणी खड्ड्यात पाणी ओतलंय.

आमच्या काळी हे सर्रास चालायचं. इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा वायरमन खड्ड्यात मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या रिकाम्या करायचा. रीडिंग छान यायचं. संध्याकाळपर्यंत खड्डा पुन्हा तहानलेला. सगळ्यांना माहीत होतं, आणि रकाना कोणत्याच फॉर्मात नव्हता.

नेत्रा म्हणाली, मग आपण जाऊनच बघू. मी आनंदाने तयार झाले. अंजूरला जाऊन मला किती वर्षं झाली होती.

मेचा शेवटचा आठवडा होता. रिक्षातून जाताना मी भातशेती शोधत होते. ऑफिसात नवी असताना एकदा मोजणीवाल्यांबरोबर मी तिकडे गेले होते, तेव्हा खाडीपर्यंत नजर मोकळी जायची. बांधावर बायका उभ्या होत्या आणि एकीने आम्हाला ओले वाल दिले होते. आता दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्याची गोदामं होती आणि मधे मधे उरलेलं एखादं शेत, त्यात कंटेनर उभा.

जागा रामनाथची होती. वडिलोपार्जित शेतात भराव टाकून त्याने ती कंपनीला भाड्याने दिली होती. पन्नाशीचा, अंगाने भारी, बोलायला गोड माणूस. कंपनीचा वायरमन कुमार मीटर घेऊन आला होता. त्याने आमच्यासमोर खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, मोजलं. एक पॉइंट तीन. म्हणजे आकडा खोटा नव्हता. मी कुमारला विचारलं की सकाळी पाणी घातलंस का. तो हसला आणि म्हणाला की मॅडम, माझ्याकडे प्यायला पाणी नाही, खड्ड्याला कुठून घालू. पण झाकणाखालची माती काळी ओली होती. मी हात लावून पाहिलं.

नेत्रा चार्जरच्या पट्ट्यांवरचे नंबर उतरवून घेत होती. मी सावलीला बसले. तिथे टेम्पोवाल्यांपैकी एक जण टेम्पो चार्जला लावून बिडी ओढत होता. दौलत नाव. पंचावन्नच्या पुढचा. आधी लूमवर होता, लूम भंगारात गेले तेव्हा टेम्पो घेतला. मी कुठे नोकरीला होते ते कळल्यावर म्हणाला, "म्हणजे आमची लाईट जायची ती तुमच्यामुळे. बरं झालं भेटलात, वीस वर्षं शोधतोय." मी म्हटलं, मी फक्त कागद बघायचे. तो म्हणाला, तरीच.

खड्ड्याचं मी त्यालाच विचारलं. त्याने बिडी विझवली आणि मान वळवून गोदामामागच्या घराकडे दाखवलं. म्हातारीला विचारा, म्हणाला. रोज पहाटे कळशी घेऊन येते. कधी कधी मीच उचलून देतो.

म्हातारी म्हणजे रामनाथची आई, धोंडूबाई. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मी घरी गेले तेव्हा ती ओट्यावर सुकट निवडत होती. मी कोण ते सांगितलं. खड्ड्याचा विषय काढला तशी तिने आधी आत पाहिलं, रामनाथ नाही ना म्हणून. मग हळू आवाजात सांगितलं.

त्या शेतात राखणदार होता. शेंदूर लावलेला दगड, बांधाच्या कोपऱ्यात. पेरणीच्या आधी त्याला नारळ, कापणीनंतर कोंबडा, आणि उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी, कारण उन्हाळ्यात शेतात तोच एकटा असतो. ती लग्न होऊन आली तेव्हापासून पाणी तिच्याकडे होतं. भराव पडला त्या दिवशी ती माहेरच्या एका लग्नाला गेली होती. परत आली तर दगड बारा फूट खाली. रामनाथने दुसरा दगड आणून कुंपणाजवळ बसवला, पण तो काय, बाजारातला. मग एक दिवस वायरमननी खड्डा खणला आणि लांब पाईप खाली उतरवला, वर नरसाळं. जागाही नेमकी तीच, जुन्या बांधाच्या कोपऱ्यावर.

"तेवढी एकच वाट हाय त्याच्यापाशी जायला," ती म्हणाली. "रामनाथला नको सांगू बाय. तो बोलतो, लाईटजवळ पानी नेलंस तर मरशील. मना बंद करल."

पाईप दहा फुटांचा होता. नकाशावर मी वाचलं होतं. भराव बारा फूट. तिचं पाणी दगडापर्यंत पोचत नव्हतं, दोन फूट वरच मुरमात जिरत होतं. मी तिला ते सांगितलं नाही.

मी पाच वर्षांची असताना, छप्पन साली, आमच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले. आम्ही बौद्ध झालो. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल अभिमानच होता, मलाही आहे. पण माझी आजी त्यानंतर कितीतरी दिवस संध्याकाळी खाडीच्या काठावर जाऊन उभी राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, वारा खायला आले. वडिलांनी एकदाही तिला अडवलं नाही. धोंडूबाई बोलत होती तेव्हा मला तीच दिसत होती, पदर डोक्यावर घेऊन चिखलाच्या कडेला उभी असलेली.

परत आले तर नेत्राच्या वहीत एक ओळ लिहिलेली होती. दौलतने तिलाही सांगितलं होतं. खड्ड्यात रोज हाताने पाणी घातलं जातं, कोरड्या स्थितीत पुन्हा मोजावं. तिचं अक्षर सुंदर आहे. रिपोर्टमध्ये हे कुठे घालू, असं तिने मला विचारलं.

मला माहीत होतं काय होईल ते. फाईल परत जाईल. कंपनी रामनाथला नवे खड्डे घ्यायला लावेल, जुना सिमेंटने बुजवेल. रामनाथला आईचं कळेल. आणि शिवाय पाणी घातल्याने काही वाईट होत नव्हतं. उलट जे काम करायला माणूस ठेवायला हवा होता, ते एक बाई भक्तीने फुकट करत होती. मी असा सगळा विचार केला. विचार वाईट नव्हता.

"त्या फॉर्मात रकाना आहे का त्याला?" मी विचारलं.

नेत्राने फॉर्म पाहिला. नव्हता.

"मग लिहू नकोस."

तिने वहीतल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. सोमवारी सही केली. पुढच्या महिन्यात तिची नोकरी पक्की झाली आणि तिने मला आकाशी रंगाची साडी आणली. अंजूरहून निघालो त्या दिवशी दौलतच आम्हाला भिवंडीपर्यंत सोडायला आला होता, मागे खोक्यांच्या जागेत बसवून. वाटेत ओरडून म्हणाला की आत्या, पुढच्या वेळी लाईट गेली तर तुमच्या घरी येणार.

त्यानंतर तो खरोखरच दोन-तीनदा आला. आमच्या बाजूला माल टाकायला आला की चहा घेऊन जायचा. जानेवारीच्या शेवटी आला तेव्हा सांगितलं की धोंडूबाई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली आहे. मी लगेच विचारलं की मग पाणी कोण घालतं. तो म्हणाला की कोणी नाही. मी म्हटलं, तू का नाही घालत, तू तर कळशी उचलून द्यायचास. त्याला ते विचित्र वाटलं. "उचलून देणं वेगळं," तो म्हणाला. "तो देव त्यांचा, पाणी त्यांचं. आपण कसा हात घालायचा?"

मी त्याला सांगायला हवं होतं की ते फक्त देवाचं पाणी नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग मला पहिल्यापासून सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

पण मनात राहिलं. मार्च संपत आला तेव्हा मी नेत्राला फोन करून विचारलं की अंजूरचं या वेळचं रीडिंग आलं का. ती म्हणाली की हो, आलंय, मी कालच पाहिलं. किती, मी विचारलं.

"एक पॉइंट तीन."

मला इतकं हायसं वाटलं. म्हणजे पाण्यावाचूनही खड्डा ठीक होता, मी उगाच घाबरत होते. आदल्या मेमध्ये याच आकड्याने मला खुर्चीतून उठवून अंजूरला नेलं होतं. या वेळी मी फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसले.

दौलत चौदा एप्रिलनंतर तिसऱ्या दिवशी गेला. दुपारी दोन-अडीचची वेळ. घामाने भिजलेला होता, पायात स्लीपर. चार्जरची गन काढायला एक हात पत्र्याच्या डब्यावर टेकला आणि तसाच चिकटून राहिला. शेजारच्या टेम्पोवाल्याने लाकडी फळीने त्याला सोडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

नंतर जे कळलं ते असं. डब्याच्या आत एका तारेचं वेष्टण घासून गेलं होतं आणि पत्र्यात करंट आला होता. गळती ओळखून बंद पडणारा ब्रेकर होता, पण तो सारखा पडतो म्हणून कोणीतरी तारेचा तुकडा लावून त्याला बाजूला काढलं होतं. कोणी, ते कोणी सांगितलं नाही. तरीही खड्डा ओला असता तर करंट जमिनीत गेला असता, इतक्या जोराने की साधा ब्रेकरही पडला असता. मी हे पेन्सिलने कागदावर मांडून पाहिलं, दोनदा. खड्डा कोरडा ठणठणीत होता. अपघातानंतर सरकारी माणसांनी मोजलं तर बेचाळीस ओहम भरलं.

मार्चचं रीडिंग कुमारने घेतलंच नव्हतं. त्याने ते कबूल केलं आणि रडला. वर्षभर दर वेळी तोच आकडा यायचा, मॅडम, तो नेत्राला म्हणाला. उन्हात खुंट्या ठोकायच्या, तारा ओढायच्या, आणि शेवटी येणार एक पॉइंट तीनच. म्हणून तेच लिहिलं. धोंडूबाईच्या पाण्याने तो आकडा इतका भरवशाचा करून ठेवला होता की मोजायची गरजच कोणाला उरली नव्हती.

दौलतच्या घरी मी गेले. त्याच्या बायकोने मला ओळखलं, तुमच्याकडचा चहा त्यांना आवडायचा म्हणाली. मी बसले आणि उठून आले.

मग अंजूरला गेले. जुना खड्डा बुजवला होता, वर सिमेंटचा ओला चौकोन. दुसऱ्या बाजूला नव्या खड्ड्यांची रांग खणणं चालू होतं. धोंडूबाई खोलीत पडून होती, पायाला वजन बांधलेलं. तिने मला हाताने जवळ बोलावलं. रामनाथला तोपर्यंत सगळं कळलं होतं आणि तो आईशी बोलत नव्हता.

"मी पडलू," ती म्हणाली. "त्याला कोनी पानी दिला न्हाय. म्हणून त्यानं मानूस घेतला."

विजेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढलेली मी, मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. मी तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या नुसताच सारखा केला.

चौकशीत नेत्राला विचारलं की पाण्याचं तुम्हाला माहीत होतं का. नाही म्हणाली असती तर तिच्यावर फारसं आलं नसतं. कागद तर जुळतच होते. तिने वही काढून त्यांच्यासमोर ठेवली. रेघ एकच होती, सरळ, तिच्याखालची ओळ स्वच्छ वाचता येत होती. रेघ का मारली, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली की मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. माझं नाव तिने घेतलं नाही. त्याच आठवड्यात कंपनीने तिला कामावरून काढलं, आणि पोलिसांच्या कागदात कुमारच्या खाली तिचं नाव आलं.

हे मला माझ्या भावाकडून कळलं. ती माझ्याकडे येत नव्हती. मी तिच्या घरी गेले, तर ती खिडकीशी बसून होती आणि वहिनी वाटाणे सोलत होती. मी पिशवीतून कागद काढला. रात्रीतून मी जबानी लिहिली होती. खड्ड्यात पाणी घालतात हे मला माहीत होतं. नेत्राने ते लिहून घेतलं होतं आणि रिपोर्टमध्ये घालणार होती. मी तिला घालू दिलं नाही. जानेवारीत पाणी बंद झाल्याचंही मला कळलं होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. खाली माझं नाव, शेवंता, पूर्ण पत्ता, निवृत्त क्लार्क.

"याने काही होणार नाही, आत्या," नेत्रा म्हणाली. "सही माझी आहे."

मला ते माहीत होतं. तरी मी म्हटलं की वाच, आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने बराच वेळ तो घेतला नाही. मग घेतला. तिचा डोळा कागदावर कसा फिरतोय ते मी पाहत होते. मीच शिकवलेला क्रम होता.

"तारीख राहिलीये," ती म्हणाली.

तिने मला पेन दिलं. मी आजची तारीख विचारली, तिने सांगितली, आणि मी ती वरच्या कोपऱ्यात लिहिली.